आधी मशीन पोचू दे, मग लोगो

नमस्कार ताई,
मी नाशिक जिल्ह्यातल्या एका आरोग्य संस्थेत काम करते. संस्थेचं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट माझ्याकडे आहेत. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसरी लाट भरात असताना, एका कंपनीने आम्हाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी मशीन, देऊ केले. करारावर सह्या झाल्या त्याच संध्याकाळी आम्ही पोस्टर टाकलं. वर दोन्ही लोगो, मधे मशीनचा फोटो, खाली ‘जीवनदायी भागीदारी’. मशीन यायला बरेच दिवस लागले. तोवर रात्री-अपरात्री फोन, इनबॉक्समध्ये रुग्णांचे रिपोर्ट, आणि शेवटी शिव्या. आता संस्था पुढच्या साथीसाठी पूर्वतयारीचा आराखडा करते आहे. एक कंपनी आणि एक खासगी रुग्णालय सोबत येणार आहेत. सोशल मीडियाचे नियम लिहायचं काम सचिव सरांनी माझ्याकडे दिलंय. कंपनीच्या पीआर (प्रसिद्धी) विभागाने आत्ताच कळवलंय की सह्या झाल्या की लगेच घोषणा हवी, प्रत्येक पोस्टवर लोगो हवा आणि मदत घेणाऱ्या रुग्णांचे फोटो हवेत. सर म्हणतात, देणगीदार दुखावता कामा नये. मी नियमांत काय लिहू?
– एक कार्यकर्ती

प्रिय कार्यकर्ती,

इनबॉक्समध्ये आलेल्या रिपोर्टांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. ते पोस्टर लिहिलं गेलं कंपनीसाठी, विश्वस्तांसाठी, फार तर इतर देणगीदारांसाठी. वाचलं मात्र ज्याच्या घरात ऑक्सिमीटरवर 84 दिसत होतं त्याने. त्याला मशीनचा फोटो दिसला, संस्थेचं नाव दिसलं आणि खालचा फोन नंबर दिसला. करार झालाय, मशीन अजून यायचंय, हा फरक त्या घरात त्या रात्री कोण करत बसणार? त्याच्या लेखी तुमच्याकडे मशीन होतं आणि तुम्ही देत नव्हतात. त्याच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. तो राग तुम्हाला एकटीला झेलावा लागला याचं मला फार वाईट वाटतं, कारण पोस्टर कधी टाकायचं हे तुमच्या हातात नसणार.

तेव्हा नियमांचं पहिलं वाक्य मी असं लिहीन: साथीच्या काळात भागीदारीची कुठलीही पोस्ट मदत शोधणारा माणूस वाचणार आहे, असं धरूनच लिहायची. हे एकदा मान्य झालं की बाकीचे बरेचसे नियम आपोआप सुचतात.

सरांना वाटेल, आपल्यासारख्या लहान संस्थेला एवढा विचार कशाला? त्यांच्यासमोर एक मोठं उदाहरण ठेवा, तेही पुण्याशी जोडलेलं. 7 ऑगस्ट 2020 ला पुण्याची लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट, गावी ही लसीकरणासाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी आणि गेट्स फाउंडेशन यांनी सहकार्य जाहीर केलं. गेट्स फाउंडेशन 15 कोटी डॉलर देणार, सीरम भारतासह कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी 10 कोटीपर्यंत डोस बनवणार, आणि एका डोसची किंमत 3 डॉलरच्या वर जाणार नाही. सप्टेंबरअखेर डोसचा आकडा दुप्पट झाला. मूळ निवेदनात अटी होत्या: लशीला मान्यता मिळायला हवी, जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे गुणवत्ता आणि सुरक्षितता तपासून दिलेली पसंती, मिळायला हवी. पण अशा निवेदनाचं एका चित्रात पोस्टर झालं की आकडा टिकतो आणि अटी गळून पडतात. तुमच्या पोस्टरवरही तेच झालं.

पुढे 24 फेब्रुवारी 2021 ला कोव्हॅक्स या सगळ्या देशांना लस पुरवण्याच्या जागतिक योजनेतले पहिले 6 लाख डोस घानाची राजधानी अक्रा इथे उतरले. ते पुण्याहून निघाले होते. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते एकत्र जाहीर केलं. किती डोस, कुठून निघाले, कुठे पोचले, सगळं स्पष्ट. ती घोषणा मला आजही उत्तम वाटते, कारण ती माल पोचल्यावर झाली. पण त्याच्या तीनच दिवस आधी सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी ट्विटरवर जगभरच्या सरकारांना धीर धरण्याची विनंती केली होती: भारताच्या प्रचंड गरजेला प्राधान्य द्यायला सांगण्यात आलं आहे, त्याबरोबर बाकीच्या जगाचा तोल सांभाळण्याचा प्रयत्न चालू आहे. एका भागीदाराच्या खात्यावर ‘धीर धरा’, दुसऱ्यांच्या खात्यांवर स्वागत. दोन्ही खरंच होतं. पण आफ्रिकेतल्या एखाद्या आरोग्य अधिकाऱ्याने पुढच्या महिन्याच्या लसीकरणाची आखणी यातल्या कुठल्या पोस्टवर करायची?

आणि मग 25 मार्चला कोव्हॅक्सने निवेदन काढलं. आतापर्यंत सीरमकडून 2 कोटी 80 लाख डोस मिळाले आहेत. मार्चमध्ये आणखी 4 कोटी आणि एप्रिलमध्ये 5 कोटीपर्यंत अपेक्षित होते. भारतातली मागणी वाढल्यामुळे त्यांना उशीर होणार. सीरमची कोव्हॅक्ससाठीची निर्यात पुन्हा सुरू झाली ती थेट नोव्हेंबरमध्ये. 2021 संपेपर्यंत 200 कोटी डोस पोचवायचं उद्दिष्ट होतं, पण पहिले 100 कोटी पुरे व्हायला जानेवारी 2022 उजाडला. त्या वसंतात आपल्याकडे काय चाललं होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, आणि इथल्या माणसांना लस आधी मिळावी यात मला काही गैर दिसत नाही. मला बोलायचंय ते लोकांना काय सांगितलं आणि कधी सांगितलं याबद्दल. ते 25 मार्चचं निवेदन तुम्ही शोधून वाचाच. काय आलं, काय राहिलं, का राहिलं, सगळं आकड्यांत, आणि कोणावर खापर न फोडता. वाईट बातमी अशी द्यायची असते.

आता तुमच्या पोस्टरकडे येऊ. मशीन आल्यावर ते कसं असायला हवं होतं, ते मी लिहूनच दाखवते. नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

‘(अमुक) ग्रामीण रुग्णालयात आजपासून 6 ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुरू. मिनिटाला 5 लिटरचे आहेत. गंभीर रुग्णाला ते पुरत नाहीत, अशा रुग्णाला थेट जिल्हा रुग्णालयात न्या. मशीन घरी दिलं जात नाही. खाट रिकामी आहे का ते विचारायला फोन: (नंबर), सकाळी 8 ते रात्री 10. नंतर रुग्णवाहिकेसाठी 108. उपचार मोफत. ही माहिती 20 एप्रिल, संध्याकाळी 5 वाजेपर्यंतची आहे. मशीन (अमुक) कंपनीने दिली, देखभाल आमची संस्था करते.’

कंपनीचं नाव यात आहे. ते शेवटी आहे, साध्या वाक्यात आहे, आणि ज्याच्या वडिलांना त्या रुग्णालयात खाट मिळाली तो हे नाव विसरणार नाही. ‘5 लिटर’ हे मुद्दाम लिहिलंय. 2021 मध्ये किती घरांनी कॉन्सन्ट्रेटर म्हणजे व्हेंटिलेटरच अशा समजुतीने रुग्णाला घरी ठेवून घेतलं आणि मोलाचे तास गेले! मशीनला वीज लागते हेही लोकांना माहीत नव्हतं. तुमच्या भागात भारनियमन होत असेल तर रुग्णालयात जनरेटर आहे की नाही तेही लिहा. नसेल, तर कंपनीशी बोलताना मशीनच्या आधी जनरेटरचा विषय काढा.

तारीख आणि वेळ चित्रावरच छापा, खालच्या मजकुरात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पुढे जातं, मजकूर मागे राहतो. त्या एप्रिलमध्ये सिलिंडर आणि खाटांच्या याद्या चार-चार दिवस फिरत होत्या. त्यातले निम्मे नंबर लागत नव्हते, उरलेल्यांवर कोणीतरी रडकुंडीला येऊन सांगत असे की आमच्याकडचं कधीच संपलंय. शेवटी स्वयंसेवक मुलामुलींनी प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करून शेजारी ‘दुपारी 4 वाजता तपासलं’ असं लिहायला सुरुवात केली. त्या मुलांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, तरी सांगायचं कसं हे त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांचा तो शिरस्ता तुमच्या नियमांत जसाच्या तसा घ्या. आणि नंबर छापायचा तर तो उचलणारा माणूस कोण, कुठल्या वेळी, हे पोस्ट तयार होण्याआधी ठरलेलं असू दे. ते तुमच्या एकटीच्या गळ्यात पडता कामा नये.

मग सह्या झाल्याची घोषणा करायचीच नाही का? करायची. पैसा कोणाचा, अटी काय, हे लोकांपासून लपवणं त्याहून वाईट. पण ती बातमी वेगळी आहे आणि तिचा वाचक वेगळा आहे. ती संस्थेच्या वेबसाइटवर जाऊ दे, कंपनीच्या लिंक्डइनवर जाऊ दे. त्यात मशीनचा फोटो नको, मदतीचा फोन नंबर नको, आणि पहिल्या दोन ओळींत ‘मशीन अजून आलेली नाहीत, आल्यावर कुठे मिळतील ते इथेच कळवू’ असं स्वच्छ लिहिलेलं हवं. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ती टाकूच नका. त्या गटांवर फक्त आज, आत्ता मिळणारी गोष्ट जाऊ दे.

मजकूर सगळ्या भागीदारांचा एकच असू दे. 16 मार्च 2020 ला फेसबुक, गूगल, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर, यूट्यूब, लिंक्डइन आणि रेडिट यांनी कोरोनाबद्दलच्या खोट्या माहितीविरुद्ध एकत्र काम करण्याचं निवेदन काढलं, ते शब्दशः एकच होतं. एकमेकांशी रोज स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना जमलं, ते एका तालुक्यातल्या तीन भागीदारांना जमायला हरकत नाही. आकडा बदलला तर तिघांच्याही खात्यांवर त्याच दिवशी बदलायचा, हे करारातच लिहून घ्या.

खासगी रुग्णालयाबाबत एक गोष्ट ठळकपणे मांडा. ‘आमच्यासोबत अमुक रुग्णालय’ एवढंच लिहिलंत तर लोक उपचार मोफत आहेत असं समजून जातील आणि बिल हातात पडल्यावर तुमचं नाव घेतील. 2020 च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते, तरी आपली खाट त्या 80 टक्क्यांतली आहे की उरलेल्या 20 टक्क्यांतली, हे दाखल होताना कित्येकांना कळलं नव्हतं. म्हणून रुग्णालयाचं नाव येईल त्या प्रत्येक पोस्टमध्ये खाट मोफत आहे, सरकारी दराने आहे की रुग्णालयाच्या दराने, हे लिहिलंच पाहिजे. रुग्णालयाने हे सांगायला खळखळ केली तर मी ती पोस्ट थांबवेन.

आता रुग्णांचे फोटो. इथे माझं मत ठाम आहे आणि ते तुम्ही माझ्या नावाने सरांना सांगा: नाही. धाप लागलेल्या माणसाला ‘फोटो काढू का’ असं विचारलं तर तो हो म्हणतो, कारण समोरच्याच्या हातात मशीन आहे. असं मिळवलेलं ‘हो’ म्हणजे परवानगी नव्हे. 2023 मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी, असंच म्हटलंय. कायदा नसता तरी माझं उत्तर बदललं नसतं. 2020 मध्ये ज्या घरात रुग्ण निघाला त्या घराचं दूध बंद झालं, पाणी भरायला लोकांनी अडवलं. अशा गावात कोणाचा चेहरा ओळखीचा करून ठेवणं म्हणजे मदतीच्या बदल्यात त्याच्याकडून काहीतरी हिसकावून घेणं आहे. फोटो हवाच असेल तर फिल्टर बदलणाऱ्या तंत्रज्ञाचा घ्या, रात्रपाळीच्या सिस्टरचा त्यांना विचारून घ्या, मशीनच्या मीटरवरच्या तासांच्या आकड्याचा घ्या. तो आकडा तर मला कुठल्याही चेहऱ्यापेक्षा बोलका वाटतो: मशीन खरंच चाललं याचा तो पुरावा आहे. बरं झालेला माणूस काही महिन्यांनी आपणहून म्हणाला की माझी गोष्ट सांगा, तर जरूर सांगा, छापण्याआधी त्याला वाचून दाखवून.

लोगोबद्दल पीआर विभागाशी बोलताना तुमच्याकडे एक भक्कम मुद्दा आहे. हा पैसा कंपनी बहुधा सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने सामाजिक कामासाठी खर्च कराव्या लागणाऱ्या निधीतून, देणार. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 23 मार्च 2020 ला स्पष्ट केलं होतं की कोरोनावरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल. पण सीएसआरच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार आपल्या मालाला किंवा सेवेला जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व सीएसआर ठरत नाही. म्हणजे प्रत्येक पोस्टवर कंपनीच्या उत्पादनाचा लोगो मिरवायचा आग्रह खुद्द कंपनीलाच हिशेबात अडचणीचा ठरू शकतो. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. त्यांच्या सीएसआर विभागाला ईमेलमध्ये सामील करून घ्या. पीआरला जे पटत नाही ते सीएसआरवाल्यांना बहुधा लगेच पटतं. त्यांना लागतो तो अहवाल: मशीनचे क्रमांक, रुग्णालयाची सही-शिक्क्याची पावती, किती तास वापर, दुरुस्ती कधी झाली. तो चोख द्या, दर महिन्याला द्या, न मागता द्या. असा अहवाल मिळत असेल तर लोगोसाठीची घासाघीस पुष्कळ कमी होते. स्थानिक इन्फ्लुएन्सरला कंपनी पैसे देऊन व्हिडिओ करायला लावणार असेल, तर तो पैसे घेऊन केलाय हे व्हिडिओवर दिसलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम 2021 पासून आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचं नाव आणि चिन्ह तुमच्या पोस्टरवर कधीही टाकू नका, ‘त्यांच्या मार्गदर्शनानुसार’ असं म्हणूनही नाही. 1950 च्या बोधचिन्हांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्यात ते नाव आणि चिन्ह थेट परिशिष्टात आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये पतंजलीच्या कोरोनिलबाबत काय झालं ते आठवा. औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणपत्र योजनेनुसार मान्यता असल्याचं सांगितलं गेलं, आणि त्याच दिवशी संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाने, कोणाचं नाव न घेता, ट्विटरवर लिहिलं की कोविडच्या उपचारासाठी आम्ही कुठल्याही पारंपरिक औषधाचा आढावा घेतलेला नाही किंवा त्याला प्रमाणित केलेलं नाही. मग कंपनीला खुलासा करावा लागला की प्रमाणपत्र भारताच्या औषध नियंत्रकांनी दिलेलं आहे. एवढा गोंधळ होईपर्यंत किती घरांत ती गोळी मान्यता मिळालेली म्हणून पोचली असेल! ज्याचं नाव वापरायचं त्याची लेखी परवानगी फाइलला असल्याशिवाय ते पोस्टवर येणार नाही, हा नियम तालुका आरोग्य अधिकाऱ्यापासून जिनिव्हापर्यंत सगळ्यांना सारखाच लावा.

उशीर होणारच. मशीन कस्टममध्ये अडकतं, ट्रक अडकतो, पुरवठादार फोन उचलत नाही. त्या दिवशी जुनी पोस्ट काढून टाकू नका. लोकांकडे तिचे स्क्रीनशॉट असतात आणि पोस्ट गायब झाली की संशय वाढतो. त्याच पोस्टच्या वर, त्याच जागी, काय आलं, काय राहिलं, कशामुळे, आणि पुढची माहिती कुठल्या दिवशी किती वाजता देणार ते लिहा. त्या वेळी सांगायला नवीन काही नसेल तरी ‘अजून आलेलं नाही’ एवढं लिहायला या. मधल्या काळात माणसाने कुठे जायचं, शेजारच्या तालुक्यात खाट आहे का, हे तुम्हाला माहीत असेल तर तेही सांगा, मग ती खाट दुसऱ्या संस्थेची का असेना. 2021 मध्ये तुमच्या इनबॉक्समध्ये आलेल्या त्या माणसाला तुमची भागीदारी नको होती, त्याला पत्ता हवा होता.

राहिला सरांचा प्रश्न, देणगीदार दुखावला तर? मला वाटतं, कंपनीच्या माणसांशी सह्यांच्या आधी मोकळेपणाने बोललं तर त्यांना हे पटेल. तुमच्या पोस्टरखाली पडलेल्या शिव्यांमध्ये त्या कंपनीचं नावही होतंच की. त्या कॉमेंट तुमच्याकडे अजून असतील तर माणसांची नावं, फोन नंबर झाकून सरांना दाखवा, आणि शेजारी वरचं नमुन्याचं पोस्टर ठेवा. कोणतं पोस्टर कंपनीला जास्त शोभेल हे सरांनाच ठरवू दे. पीआर विभागाला एवढंच लिहा: ‘आपली मदत पोचली की त्याच दिवशी, आपल्या नावासह, आम्ही लोकांना कळवू. त्याआधीची घोषणा आपल्या लिंक्डइनवर आणि आमच्या वेबसाइटवर करू; मजकूर सोबत जोडला आहे. रुग्णांचे फोटो आम्ही घेत नाही. दर महिन्याचा वापराचा अहवाल आपल्याला मिळत राहील.’

हे सगळं करारातल्या एका स्वतंत्र कलमात बसवा, म्हणजे ऐन साथीत रात्री अकरा वाजता कोणी ‘आत्ताच्या आत्ता टाका’ म्हणून फोन केला तर तुम्हाला वाद घालावा लागणार नाही, कलमाकडे बोट दाखवता येईल. मसुदा तयार झाला की पाठवा, मी मनापासून वाचेन. आणि फोन उचलणाऱ्या माणसाची तजवीज मसुद्यात राहून गेली असेल तर मी पुन्हा आठवण करून देईन.

तुमची,
ताई